साबण नारिंगी का झाला? : शेळीपालकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चार-पाच शेळ्या, घरातलीच माणसं आणि दुधापासून साबण, चीज, मलम असं काहीबाही करून विकण्याची उमेद असलेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत. साबणाचं उत्तर लांबलं आहे, पण सगळ्यात जास्त माल तिथेच वाया जातो.

प्रश्न : शेळीच्या ताज्या दुधात कॉस्टिक सोडा घातल्याबरोबर दूध आधी पिवळं, मग विटकरी झालं आणि नाकाला झोंबणारा वास सुटला. तरी ते तेलात मिसळून साचा भरला. सकाळी पाहिलं तर वरून लांब भेग आणि मधोमध गडद पट्टा. तेलं एक किलो होती: खोबरेल 300 ग्रॅम, ऑलिव्ह 600 आणि एरंडेल 100. सोडा अंदाजे दीडशे. हा साबण फेकून द्यायचा का?

आधी त्या 'अंदाजे'चा हिशोब करू. खोबरेल तेलाच्या एका ग्रॅमचा साबण व्हायला सोडा लागतो 0.183 ग्रॅम, ऑलिव्हला 0.135 आणि एरंडेलाला 0.128. म्हणजे तुमच्या तेलांना 54.9, 81 आणि 12.8, एकूण 148.7 ग्रॅम सोडा पुरतो. एवढा सोडा घातला की तेलाचा थेंबही मोकळा राहत नाही आणि साबण कातडी ओढतो. म्हणून साधारण पाच टक्के सोडा कमी घ्यायचा, म्हणजे तेवढं तेल साबणात मोकळं राहतं. तुमच्या कृतीला योग्य आकडा 141 ग्रॅम. तुम्ही दीडशे घेतला. दुधातल्या स्निग्धांशानं त्यातला ग्रॅम-दोन ग्रॅम ओढून घेतला असेल, म्हणून कदाचित तुम्ही थोडक्यात निभावलात. काटा चुकून तो 155 असला, तर मात्र साबणात सोडा मोकळा राहिला आहे.

फेकण्याआधी तपासा. वड्या आठवडाभर हवेशीर ठेवा. मग ओलं बोट वडीवर घासून त्या बोटाचा जिभेच्या टोकाला नुसता स्पर्श करा. साबणाची चव लागली तर ठीक. बॅटरीचं टोक जिभेला लागल्यासारखा झटका बसला तर सोडा मोकळा आहे. एका जागी नाही, चार जागी तपासा, भेगेच्या आत तर नक्कीच. झटका बसत नसेल तर साबण वापरता येईल. रंग दिसायला वाईट, एवढंच. नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा होता, तो काही दिवसांत उडून जातो.

आता कारण. सोडा पातळ पदार्थात विरघळताना जबर उष्णता सोडतो, मिश्रण बघता बघता हाताला सोसवणार नाही इतकं तापतं. दुधातली साखर त्या उष्णतेत करपते, तो विटकरी रंग तिचा. प्रथिनं तुटतात, त्यातून अमोनिया. भेगही त्याच घराण्यातली. साचा भरल्यावर साबण आतून पुन्हा तापतो, दुधाची साखर त्यात भर घालते, मधला भाग फुगतो आणि वरचं कवच फाटतं. गडद पट्टा म्हणजे तापून पारदर्शक झालेला गाभा, कडेचा साबण मात्र थंडच राहिला. हौसेनं मध घातला असेल तर विचारायलाच नको.

पुढच्या वेळी असं करा. 283 ग्रॅम दूध, म्हणजे सोड्याच्या दुप्पट, वजन करून पिशवीत सपाट गोठवा. वापरायच्या वेळी पिशवीवर लाटणं मारून बर्फाचा चुरा करा आणि तो स्टीलच्या भांड्यात घ्या. ॲल्युमिनियम अजिबात नको; सोडा त्याला खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. हे भांडं बर्फ आणि मीठ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवा. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडक्या उघड्या. मग 141 ग्रॅम सोडा सहा-सात वेळा चिमटी-चिमटीनं, दहा-पंधरा मिनिटं घेत, ढवळत घाला. सोडा नेहमी दुधात जातो, दूध सोड्यावर कधी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. मिश्रण 25 अंशांच्या वर गेलं की हात थांबवा. रंग फिकट पिवळसर आला तर चालेल.

मिश्रण मध्येच दाट, पिठल्यासारखं होऊ लागतं आणि बरेच जण इथेच घाबरतात. दुधातल्या स्निग्धांशाचाच साबण होतोय, बिघाड नाही. धोका वेगळाच आहे: थंडीत सोड्याचे खडे न विरघळता तळाशी बसतात. ढवळणी तळाला करकरली तर सोडा घालणं थांबवून ढवळत राहा आणि तेलात ओतताना बारीक स्टीलच्या गाळणीतून ओता. एक खडा वडीत राहिला तर तीच वडी कुणाच्या तरी गालाला लागणार.

तेलं 30 ते 32 अंशांवर ठेवा. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्याहून थंड तेलात मिश्रण घातलं तर ते साबण न होताच दाट दिसतं आणि साच्यात तेल सुटतं. स्टिक ब्लेंडर पाच सेकंद चालवा, मग बंद ठेवून त्यानंच ढवळा, असं आलटून पालटून. ब्लेंडर उचलल्यावर पडलेल्या धारेची रेघ वर क्षणभर दिसली की पुरे. लगेच साच्यात ओता, साचा सिलिकॉनचा आणि शक्यतो सुट्या वड्यांचा. टॉवेलात गुंडाळायचं नाही. पाण्याच्या साबणाची ती रीत दुधाच्या साबणाचं वाटोळं करते. साचा थेट फ्रिजमध्ये 24 तास. नंतर दोन-तीन दिवसांनी, कडा साच्यातून स्वच्छ सुटू लागल्या की काढा. घाई केली तर कोपरे साच्यालाच चिकटून राहतील. त्यानंतर जाळीवर एकमेकींना न टेकवता चार ते सहा आठवडे. वरच्या बाजूला पांढरी भुकटी आली तर ती धुण्याच्या सोड्याची, हवेमुळे बनते. ओल्या फडक्यानं पुसून टाका.

सोडा अंगावर उडाला तर व्हिनेगर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर धुता धुताच दवाखान्याची तयारी करा.

गोठवून ठेवायला जागाच नसेल, तर दुसरी वाट आहे. 141 ग्रॅम सोडा 150 ग्रॅम साध्या पाण्यात विरघळवून गार करा आणि उरलेलं 133 ग्रॅम दूध तेलात घालून ब्लेंडरनं फेटा. त्या दुधात थोडी शेळीच्या दुधाची पावडर कालवली तर दुधाचा अंश भरून निघतो. वड्या पहिल्या रीतीइतक्या पांढऱ्या होत नाहीत, पण दूध करपत नाही.

प्रश्न : ऑलिव्हच्या जागी सूर्यफूल तेल घातलं तर सोडा बदलतो का?

आकडा जवळपास तोच, 0.134. पण 600 ग्रॅम सूर्यफूल तेलाच्या वड्या मऊ राहतात आणि काही महिन्यांत त्यांवर नारिंगी ठिपके येऊन खवट वास मारतो. असं पटकन खवटणारं तेल एकूण तेलाच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे नेऊ नका. तेल बदललं की सोडा नव्याने काढायचा, मग फरक कितीही लहान वाटो. खोबरेल 300 चं 400 केलं की गणित लगेच सरकतं.

प्रश्न : साबणाचा व्यवसाय करायचा तर किती शेळ्या हव्यात?

वाटतात त्याहून खूप कमी. वरच्या कृतीत एक किलो तेलाला 283 ग्रॅम दूध लागतं आणि साधारण 1,400 ग्रॅम ओला साबण, म्हणजे बारा वड्या निघतात. हिशोब लावला तर एका लिटर दुधात चाळीसच्या वर वड्या. दिवसाला लिटरभर दूध देणारी एकच शेळी तुम्हाला विकता येतील त्याहून जास्त वड्यांचं दूध देईल. अडतं ते तेलाच्या भांडवलात, सहा आठवडे वड्या वाळत ठेवायच्या जागेत आणि गिऱ्हाइकात. साबणासाठी म्हणून शेळ्या वाढवू नका.

चीज करायचं असेल तर उलट. तिथे दूध कितीही आलं तरी कमीच पडतं आणि ते वर्षभर लागतं. सगळ्या शेळ्या एकदम गाभण राहिल्या तर सगळ्या एकदम आटतात. शेळी साधारण 150 दिवसांत विते आणि विण्याआधी दोन महिने तिचं दूध आटवावं लागतं, नाहीतर कास सुधारत नाही आणि चीकही पातळ येतो. कळपाचे दोन गट करून त्यांना पाच-सहा महिन्यांच्या अंतरानं बोकड दाखवा. जिथे ऋतूप्रमाणे दिवसाची लांबी खूप बदलते तिथे शेळ्या दिवस लहान होऊ लागले की मगच माजावर येतात, तिथे हे जमत नाही. मग काही शेळ्या न फळवता दुसऱ्या वर्षीही पिळत राहायच्या. दूध कमी पडतं, पण बंद पडत नाही. साबणाचं दूध मात्र भरल्या दिवसांत 283 ग्रॅमच्या पिशव्या करून गोठवून टाका. पिशवीवर तारीख आणि वजन दोन्ही लिहा. 'साधारण पाव लिटर' असं लिहिलेली पिशवी सहा महिन्यांनी काही उपयोगाची नसते.

प्रश्न : आमच्या दुधाला बोकडासारखा वास येतो. घरातली मुलं तोंड लावत नाहीत. शेळीच्या दुधाला वास असतोच का?

नसतो. ताजं, नीट काढलेलं आणि लगेच गार केलेलं शेळीचं दूध जवळजवळ बिनवासाचं असतं. वास येतो तो काही आम्लांचा: कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक. या तिघांची नावं लॅटिनमधल्या शेळीच्या 'काप्रा' या नावावरूनच पडली आहेत. ही आम्लं स्निग्धांशात बांधलेली असतात तोवर नाक काही म्हणत नाही. दुधातलंच एक विकर (एन्झाइम) त्यांना सोडवतं आणि दूध आपटलं, फेसाळलं किंवा उशिरा गार झालं की त्याला मोकळं रान मिळतं.

कारण शोधायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक शेळीचं दूध वेगळ्या बरणीत घ्या, बरणीवर तिचं नाव घाला. धार काढल्याबरोबर अर्धं 72 अंशांपर्यंत तापवून 15 सेकंद तिथेच ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करा. उरलेलं अर्धं कच्चंच त्याच पाण्यात गार करा. दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा. चव घ्यायची ती तापवलेल्या बरणीची, लगेच आणि दोन दिवसांनी. कच्च्याचा दोन्ही वेळी नुसता वास घ्या. पहिल्याच वेळी दोन्हींना वास असेल तर चारा, कासेचा आजार किंवा आटत आलेलं व्यात बघा. दोन दिवसांनी फक्त कच्च्याला वास आला तर काम त्या विकराचं आहे, कारण तापवल्यानं ते मरतं. एकाच शेळीच्या बरण्या वासाच्या निघाल्या तर गुन्हेगार सापडला. एका शेळीचं दूध सगळा कॅन बिघडवतं.

विकराचा उपाय गार करण्यात आहे. दूध एका तासाच्या आत 4 अंशांवर आणायचं. फ्रिजमध्ये नुसतं ठेवलेलं दोन लिटरचं भांडं गार व्हायला कित्येक तास घेतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आधी बर्फ आणि मिठाच्या पाण्यात ठेवून दोन-तीनदा हलक्या हातानं ढवळा आणि मग फ्रिज. सकाळच्या गार दुधात संध्याकाळचं कोमट दूध ओतायचं नाही. उघड्या काचेच्या बरणीत दूध उन्हात राहिलं तर पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो वेगळा.

बोकडाचंही सांगतो. माजाच्या काळात त्याला हात लावलेल्या कपड्यांनी धार काढायला बसू नका आणि त्याचा कप्पा धार काढायच्या जागेपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. कांद्या-लसणाची पात किंवा उग्र वासाचा पाला द्यायचाच तर धारेनंतर.

प्रश्न : मऊ चीज करताना विरजलेलं दूध रात्रीतून फुगून वर आलं, आत स्पंजासारखी भोकं. चव फार वाईट नव्हती. खावं का?

नाही. ते जनावरांनाही घालू नका. वायू सोडणारे जंतू शिरले आहेत, बहुतेक वेळा शेणातले, कधी यीस्ट. चव बरी लागणं ही खात्री नव्हे.

आता ते कुठून आले ते बघू. बहुतेक वेळा ओल्या कासेवरून. कास धुतल्यावर कोरडी पुसली नाही तर पाण्याचे थेंब ओघळून थेट भांड्यात पडतात, सोबत कासेवरचं सगळं घेऊन. प्रत्येक शेळीला वेगळं फडकं. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या तळाच्या वाटीत काढून बघा. गुठळ्या, दोऱ्या किंवा पाणचट रंग दिसला तर त्या शेळीचं दूध वेगळं काढा आणि पशुवैद्याला दाखवा. ही दगडी, म्हणजे कासेचा दाह, असू शकते. कासेच्या दोन्ही बाजू हातानं चाचपून तुलना करा, गरम किंवा कडक बाजू कळते. धार संपल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा, कारण सडाचं भोक काही वेळ उघडं राहतं. त्याच वेळी पुढ्यात चारा टाका, म्हणजे शेळी उभी राहील, लगेच खाली बसणार नाही.

दुसरी जागा भांडी. धुण्याचा क्रम उलटा झाला तर भांडं कधीच स्वच्छ होत नाही: आधी कोमट पाण्यानं दूध काढून टाकायचं, मग गरम पाणी आणि साबण. सुरुवातीलाच उकळतं पाणी ओतलं तर प्रथिनं भांड्याला शिजून चिकटतात. पांढरट, खरखरीत थर जमू लागला तर आठवड्यातून एकदा व्हिनेगरनं घासा. शेवटी जंतुनाशक पाणी: पाच टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच लिटरला 2 मिलि. ब्लीच आणि व्हिनेगर एकाच वेळी कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. चरे पडलेली प्लॅस्टिकची बादली दुधाला बाद. चीज निथळायचं फडकं दर वेळी दहा मिनिटं उकळायचं.

आणि दूध तापवायचं: 63 अंशांवर 30 मिनिटं किंवा 72 अंशांवर 15 सेकंद, थर्मामीटर लावून. शेळीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेला हा जंतू माणसाला लागतो, महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी घेऊन. गोठ्यात शेळी गाभडली असेल तर पशुवैद्यानं तपासेपर्यंत कच्च्या दुधाला हातही नको. गर्भ आणि वार उचलताना हातमोजे घाला आणि तोंड-नाक झाका.

तापवलेलं दूध 30 अंशांवर आणून त्यात विरजण-जंतू घाला, चार लिटरला दोन थेंब रेनेट (दूध जमवणारं विकर) चमचाभर पाण्यात मिसळून घाला आणि झाकून 12 ते 18 तास हलवू नका. दही एकसंध, वर पातळ निवळी आणि भांड्याच्या कडेपासून सुटलेलं दिसलं की फडक्यात टांगा. 8-10 तासांनी वजनाच्या दीड टक्क्यापर्यंत मीठ. फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवायचं. दह्याऐवजी दूधच राहिलं आणि काहीच जमलं नाही, तर मात्र शेळीला नुकतंच अँटिबायोटिक दिलं होतं का ते आठवा. त्यानं विरजणाचे जंतूच मरतात.

प्रश्न : शेळीच्या दुधाचं दही पातळ होतं, लोणीही जेमतेम निघतं आणि तेही पांढरंफटक. दूधच खराब आहे का?

दूध चांगलं आहे, ते असंच वागतं. शेळीच्या दुधात दह्याला घट्टपणा देणारं एक प्रथिन कमी असतं, काही शेळ्यांत तर जवळजवळ नसतं. दूध 85 अंशांवर 20-30 मिनिटं ठेवून मग 43 अंशांपर्यंत उतरवून विरजलं तर बराच फरक पडतो. तरी न जमल्यास लिटरमागे 30-40 ग्रॅम दुधाची पावडर, किंवा दही फडक्यात बांधून निथळा. साय वर येत नाही, कारण स्निग्धांशाचे कण बारीक असतात आणि त्यांना एकत्र धरणारं प्रथिन या दुधात नसतं. मलई यंत्राशिवाय लोण्याचा नाद करू नका. पांढरा रंग मात्र गुणाचा आहे: चाऱ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचं शेळी अ जीवनसत्त्व करून टाकते, तेच दुधात उतरतं.

प्रश्न : शेळीच्या दुधाचं अंगाला लावायचं लोशन केलं. व्हिटॅमिन ई आणि लव्हेंडर तेल घातलं होतं, तरी दहा दिवसांत बुरशी आली.

व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही. बुरशी आणि जंतूंशी त्याचं काही देणंघेणं नाही. लव्हेंडर तेल कातडीला सोसवेल एवढंच घातलं तर तेही जंतूंना पुरत नाही. लोशनमध्ये अर्ध्याहून अधिक पाणी असतं, वर तुम्ही त्यात दुधाची साखर आणि प्रथिनं घातलीत. जंतूंना याहून चांगलं ताट वाढता येणार नाही. साबणातलं दूध टिकतं कारण साबण अल्कधर्मी असतो आणि वाळल्यावर त्यात पाणी फार उरत नाही. लोशनमध्ये यातलं काहीच नाही.

बुरशी दिसते तेव्हा तिच्या आधीच्या कित्येक दिवसांत न दिसणारे जंतू त्यात वाढलेले असतात. म्हणून 'वरचा थर काढून वापरलं' हे चालत नाही. दुधाचं लोशन विकायचंच असेल तर जंतू, बुरशी आणि यीस्ट तिन्ही रोखणारं संरक्षक द्रव्य ठरल्या प्रमाणात, योग्य आम्लतेला आणि प्रयोगशाळेत तपासून घालावं लागतं. घरगुती पसाऱ्यात ते झेपत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

त्याऐवजी बिनपाण्याचं मलम करा. तेल 100 ग्रॅम, मधमाशीचं मेण 25 ग्रॅम. मेण आधी गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, तेल घाला, सगळं एकजीव झालं की कोरड्या डब्यांत ओता. चमचा थंड करून त्यावर थेंब टाकलात तर घट्टपणा लगेच कळतो. कडक वाटलं तर तेल, उन्हात वितळत असेल तर मेण वाढवा. डबा किंवा चमचा ओला असेल तर तेवढ्या एका थेंबानं बुरशीला घर मिळतं. यात दूध नाही, हे खरं. पण ते टिकतं.

प्रश्न : गिऱ्हाईक विचारतात, 'हा साबण पीएच 5.5 आहे ना? गायीचं दूध सोसत नाही त्यांना चालेल ना? बाळाला शेळीचं दूध द्यावं ना?' काय सांगायचं?

तीनही उत्तरं 'नाही'.

सोड्यानं बनवलेला खरा साबण 9 ते 10 पीएचचाच असतो. तो 5.5 वर आणायला आम्ल घातलं तर साबण फुटून पुन्हा तेल सुटेल. 5.5 वाली वडी म्हणजे साबण नव्हे, वेगळी धुण्याची द्रव्यं वापरून केलेली वडी. दुधाच्या साबणाबद्दल छातीठोक सांगता येतं ते इतकंच: फेस मऊ आणि मलईसारखा येतो. 'इसब बरा होतो' असं वेष्टनावर लिहिलंत तर तुम्ही औषध विकताय, त्याचे नियम वेगळे आणि पुरावा तुमच्याकडे नाही.

गायीच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांना शेळीच्या दुधाचीही होते, प्रथिनं फार सारखी आहेत. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांनाही फरक पडत नाही, ती थोडीशीच कमी असते. साबणाच्या वेष्टनावर 'यात दूध आहे' हे स्पष्ट लिहा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला साधं शेळीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. त्यात फोलेट फारच कमी असतं, त्यातून रक्तक्षय होतो. हे सांगितल्यानं एखादं गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या.

प्रश्न : शेळीला जंतनाशक पाजलं आहे. दूध प्यायचं नाही हे कळतं, पण साबणाला चालेल ना?

आमचा सल्ला, नको. वेष्टनावर 'नैसर्गिक' लिहायचं आणि आत औषधाचं दूध घालायचं हे जुळत नाही. शिवाय एकदा दोन बादल्या झाल्या की त्या कधीतरी अदलाबदल होणारच. औषध दिल्याबरोबर त्या शेळीच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधा, भिंतीवर औषधाचं नाव, तारीख आणि दूध कधीपासून चालेल ती तारीख लिहा, आणि तिची धार सगळ्यात शेवटी काढा. दूध किती दिवस टाकायचं ते पशुवैद्याला विचारा. शेळीचं शरीर बरीच जंतनाशकं इतर जनावरांहून लवकर काढून टाकतं, म्हणून मात्रा वेगळी असते आणि मग बाटलीवरची मुदतही तशीच्या तशी धरता येत नाही.

दर तीन महिन्यांनी सरसकट पाजण्याची सवयही सोडा. त्यातून औषधाला न जुमानणारे जंत तेवढे शिल्लक राहतात. रक्त पिणाऱ्या जंतासाठी डोळ्याची खालची पापणी उलटून आतला रंग बघा: लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढरट असेल तर आजच पशुवैद्य.

प्रश्न : लेंडीखताची पाकिटं विकतो. एकाची रोपं जळली, दुसऱ्याच्या टोमॅटोची पानं गुंडाळली, तिसरा म्हणतो तण उगवलं.

तीन तक्रारी, तीन कारणं. जळली ती बहुधा मुताच्या गवतामुळे. कोरडी लेंडी सौम्य असते, पण मूत मुरलेल्या गवतातून अमोनिया सुटतो. तण आलं ते खत पुरेसं तापलं नाही म्हणून. शेळीच्या पोटातून कित्येक बिया जिवंत बाहेर पडतात. दोन्हींना उपाय एकच: किमान एक मीटर लांब, रुंद, उंच ढीग, ओलावा मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब निघतील इतका, आतलं तापमान 55 अंशांच्या वर पंधरा दिवस, त्यात पाच वेळा पलटी. वाळलेल्या लेंडीचं कवच पाणी शिरू देत नाही, म्हणून ढीग लावण्याआधी ती फोडून रात्रभर भिजवा. नंतर महिना-दीड महिना मुरू द्या.

पानं गुंडाळण्याचं कारण मात्र ढिगात नाही, चाऱ्यात आहे. रुंद पानांचं तण मारणारी काही औषधं गवतावर फवारली की ती गवतातून शेळीच्या पोटात, तिथून लेंडीत आणि खत मुरल्यावरही तशीच राहतात. टोमॅटो, वाल, वाटाणा यांना त्याचा अगदी कणही सोसत नाही. विकत घेतलेल्या चाऱ्यावर काय फवारलं होतं हे विचारत चला. आणि पाकीट भरण्याआधी सहा कुंड्यांचा प्रयोग करा: तिघींत खत आणि माती निम्मी-निम्मी, तिघींत नुसती माती, सगळ्यांत वालाच्या बिया. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली नवी पानं पेल्यासारखी वळली आणि मातीतली सरळ राहिली, तर तो ढीग विकू नका. गवताच्या कुरणात पसरा.